मुंबईत एक दिवस मोकळा मिळालाय, कॅमेरा घेऊन कुठे फिरू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंत्रालयातलं काम अकरालाच उरकलं, परीक्षा काल संपली, लग्न उद्या आहे, नाहीतर रात्रीच्या गाडीचं तिकीट आहे आणि दिवस रिकामा. राज्याच्या राजधानीत असा दिवस बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो आणि मग तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

एका दिवसात सगळी मुंबई बघून होईल का?

नाही होणार, आणि प्लीज तसा प्रयत्न करू नका. सकाळी कान्हेरी, दुपारी सिद्धिविनायक, मग हाजी अली, संध्याकाळी जुहू असा प्लॅन केला की निम्मा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो आणि फोटो निघतात ते टॅक्सीच्या काचेतून. माझं म्हणणं एवढंच की फोर्ट, कुलाबा, काळा घोडा, चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह हा एकच पट्टा धरा आणि तो पायी फिरा. मुंबईचं हे दक्षिणेचं टोक इतकं निमुळतं आहे की पूर्वेला बंदरावर सूर्य उगवताना बघायचा आणि त्याच दिवशी चालत चालत पश्चिमेला जाऊन समुद्रात मावळताना बघायचा हे खरंच जमतं, गेटवेपासून मरीन ड्राइव्ह सरळ चालत गेलं तर साधारण अर्ध्या तासावर आहे. मधल्या वेळेत जे बघायचं ते सगळं याच दोन किनाऱ्यांच्या मध्ये आहे. ठिकाणं कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त वेळ थांबा, फोटो त्यानेच सुधारतात.

ठीक आहे, पण आधी कुठे आणि नंतर कुठे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि याचं उत्तर सूर्य देतो. कुठली इमारत कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे ते माहीत असलं की अर्धं काम झालं.

ताजमहाल हॉटेल, १९०३ सालचं, बंदराकडे म्हणजे पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन सरळ त्याच्या दगडावर आणि घुमटावर पडतं. गेटवेचं उलट. शहराच्या बाजूने सकाळी बघितलं तर सूर्य कमानीच्या मागे असतो, म्हणजे मिळतो तो काळा आकार आणि मागे केशरी आभाळ. तो फोटो सुंदरच येतो, पण दगडाचा पिवळा रंग आणि नक्षी हवी असेल तर बोटीत बसावं लागेल. नऊच्या सुमाराला बोटी सुरू होतात, बंदरात छोटी चक्कर मारून आणणाऱ्याही असतात, आणि पाण्यातून मागे वळून बघितलं की गेटवे आणि ताज दोन्ही समोरून उजळलेले एका फ्रेममध्ये येतात. जमलं तर हा फोटो सोडू नका. पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून कमान बांधायला घेतली, जॉर्ज विटेट हा आर्किटेक्ट, आणि ती लोकांसाठी खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, बरेच लोक गेटवेच्या नादात त्याच्याकडे पाठ करून उभे असतात, तिथेही दोन मिनिटं थांबा.

आता सीएसएमटी, हायकोर्ट, राजाबाई टॉवर आणि एशियाटिकची टाउन हॉल या चौघांची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर दर्शनी बाजू सावलीत आणि मागून उन्हाची तिरीप, फोटो फिका येणार. दुपारी तीननंतर जा. म्हणजे सकाळ गेटवे आणि कुलाबा, दुपार म्युझियम किंवा मार्केट, चारच्या पुढे या दगडी इमारती आणि शेवट मरीन ड्राइव्ह. बस, हाच रूट.

ओव्हल मैदानावर नेमकं काय बघायचं? नुसतं क्रिकेटच तर दिसतं.

क्रिकेट तर बघाच, बॉलर धावत येतोय आणि मागे राजाबाई टॉवर हा फोटो मुंबईशिवाय कुठे मिळणार! फक्त पिचवर जाऊ नका, कडेने चाला.

पण ओव्हलची खरी मजा अशी की मैदानाच्या दोन बाजूंना दोन वेगळे काळ समोरासमोर उभे आहेत. पूर्वेला १८७० च्या दशकातलं दगडी गॉथिक, म्हणजे हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटी, आणि पश्चिमेला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, जिन्याच्या उभ्या काचा, आणि दारावर इमारतीचं नाव मस्त वळणदार अक्षरात. २०१८ मध्ये या दोन्ही बाजूंना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. आर्ट डेकोच्या संख्येत मायामीनंतर मुंबईचं नाव घेतात, आणि आपण रोज त्याखालून चर्चगेटची ट्रेन पकडायला धावतो. सकाळी मैदानात उभं राहून पश्चिमेकडे बघा, डेको इमारती उजळलेल्या असतात. संध्याकाळी त्याच जागी नुसतं मागे वळा, आता ऊन राजाबाई टॉवरवर असतं. एकाच जागेवरून दोन्ही, म्हणून वेळ असेल तर दोनदा जा.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच, १८७८ मध्ये पूर्ण झाला, डिझाईन सर गिल्बर्ट स्कॉटचं. पैसे दिले कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव त्यांच्या आईचं. वर चढू देत नाहीत, त्यामुळे ते डोक्यातून काढून टाका, मैदानाच्या पलीकडच्या टोकावरूनच पूर्ण टॉवर सरळ येतो, जवळ गेलं की मोबाईलमध्ये तो मागे झुकलेला दिसतो.

फोर्ट म्हणतात पण किल्ला कुठे दिसत नाही?

कारण तो पाडलाय. इंग्रजांच्या वसाहतीभोवती तटबंदी होती, तिला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात भिंती पाडल्या आणि मोठी मोकळी जागा मिळाली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, मग मुंबईच्या कापसाला तुफान भाव आला आणि शहरात पैसा खेळायला लागला. जागा मिळाली, पैसा मिळाला, म्हणून इथल्या एवढ्या भव्य इमारती दहा-पंधरा वर्षांच्या आतबाहेर उभ्या राहिलेल्या दिसतात. हे माहीत असलं की रस्त्यावर उभं राहून बघताना वेगळंच दिसायला लागतं, निदान मला तरी.

सीएसएमटीचा चांगला फोटो कुठून येतो?

रस्त्याच्या पलीकडून, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने. संध्याकाळी ऊन असताना एक आणि दिवे लागल्यावर आभाळ अजून गडद निळं असताना दुसरा, या दोन वेळा. पूर्ण अंधार पडला की आभाळ काळं ठिक्कर होतं आणि घुमटाची कड हरवते, त्यामुळे सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्यासारखी आहेत. अडचण अशी की ती वेळ मरीन ड्राइव्हवर पण हवी असते. दोन्ही एका संध्याकाळी नीट होत नाहीत, एक निवडा. पहिल्यांदाच येत असाल तर मी समुद्र निवडायला सांगेन, रात्रीची गाडी सीएसएमटीवरूनच असेल तर दिव्यांमधला फोटो तेव्हा तसाही मिळेल.

इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला नाव पडलं व्हिक्टोरिया टर्मिनस. २००४ पासून जागतिक वारसा. गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह म्हणजे ब्रिटन आणि एकीकडे वाघ म्हणजे भारत, घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती. कोरीव कामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं झूम करून बघा, अख्ख्या इमारतीच्या फोटोपेक्षा हे तुकडे जास्त बोलतात. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. दोन्हींकडे एकाच माणसाची नजर आहे हे कळल्यावर दोन्ही परत बघावीशी वाटतात.

दुपारच्या कडक उन्हात काय करायचं?

अकरा ते तीन बाहेरचे फोटो जवळपास विसरा, सावल्या उभ्या पडतात आणि घाम वेगळा. एक अपवाद, अकरा-साडेअकराला चर्चगेट स्टेशनबाहेर या, डबेवाले गाडीतून डबे उतरवून फूटपाथवर लावत असतात. पांढरी टोपी, लाकडी लांब क्रेट, डब्यांवरच्या रंगीत खुणा. त्यांच्या वाटेत येऊ नका, त्यांना वेळ पाळायची असते, लांबून काढा.

नंतर सावलीतली ठिकाणं. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, तेही विटेटचंच, बाहेरून घुमट आणि आतून तीन मजल्यांचा गोल, मान वर करून बराच वेळ बघत बसावं असा. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट असतं, काउंटरवर विचारा. बाहेर पडलं की जहांगीर आर्ट गॅलरी, डेव्हिड ससून लायब्ररी आणि गल्लीत निळं सिनेगॉग, १८८४ चं, सगळं पाच मिनिटांच्या चालीत. दुसरा पर्याय क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची, दारावरची दगडी शिल्पं लॉकवूड किपलिंगची. आत छतातून येणारा उजेड फळांवर पडतो तो फोटोसाठी एकदम मस्त. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम मला स्वतःला शहरातलं सगळ्यात देखणं वाटतं, हिरवे खांब, सोनेरी काम, आणि बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती, पण त्यासाठी लोकलने जावं लागेल आणि बुधवारी ते बंद असतं.

जाता-येता हुतात्मा चौकात थांबा. फ्लोरा फाउंटन १८६४ चं आहे आणि त्याच्याच शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं गेली, आणि त्या लढ्यानंतर १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मुंबई आपली राजधानी आहे ती यांच्यामुळे. पर्यटक कारंज्याचा फोटो काढून पुढे जातात, आपण मराठी माणसांनी तरी स्मारकाजवळ उभं राहून नावं वाचायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

मरीन ड्राइव्हवर सूर्यास्तासाठी नेमकं कुठे बसायचं?

लोक गिरगाव चौपाटीवर जातात आणि म्हणतात सूर्य समुद्रात बुडालाच नाही. बरोबर आहे, तिथून पश्चिमेला मलबार हिल आडवी येते, सूर्य इमारतींच्या मागे जातो. पाण्यात मावळणारा सूर्य हवा असेल तर नरिमन पॉइंटच्या टोकाकडे, एनसीपीए या नाट्यगृहाच्या बाजूला जा. चर्चगेटच्या समोर बसलात तर हिवाळ्यात समुद्रात आणि उन्हाळ्यात राजभवनाच्या टेकडीमागे, कारण सूर्य मावळायची जागा ऋतूप्रमाणे सरकते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त सहाच्या सुमाराला, जुलैत सव्वासातच्या पुढे, त्या हिशोबाने तासभर आधी पोचा. रस्त्याच्या दिव्यांची वळणदार माळ वरून हवी असेल तर अंधार पडताना मलबार हिलवर कमला नेहरू पार्कला जा, तोच तो म्हातारीचा बूट असलेला. आणि खालच्या त्या सिमेंटच्या टेट्रापॉडवर फोटोसाठी उतरू नका, शेवाळं असतं, लाट कधी येईल सांगता येत नाही, जीव जातो तिथे.

एलिफंटा म्हणजे घारापुरी याच दिवसात बसेल का?

बसेल पण मग बाकी काही बसणार नाही. बोटीला जायला तासभर, यायला तासभर, वर पायऱ्या, लेणी बघायला निदान दोन तास. सदाशिवाच्या त्या तीन मुखांसमोर घाईत उभं राहण्यात अर्थ नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढा. सोमवारी बंद, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात.

फोटो काढताना पोलीस अडवतात का? परवानगी लागते का?

मोबाईल किंवा साधा कॅमेरा हातात धरून रस्त्यावरून काढत असाल तर सहसा कुणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड उभा केला, लाईट लावले, मॉडेल आणलं की ते शूटिंग होतं आणि त्याला परवानगी लागते. नौदलाची गोदी, कुलाब्याचा लष्करी भाग, मंत्रालय, विधान भवन, कोर्टाचा आतला भाग इथे कॅमेरा बॅगेत ठेवा. ड्रोन आणूच नका, पोलिसांचे बंदीचे आदेश असतात आणि विनाकारण दिवस चौकीत जाईल. गेटवेला सिक्युरिटी चेक असतो, मोठी बॅग असली की वेळ लागतो.

लोकांचे फोटो काढले तर चालतात का?

विचारून काढा. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात, आणि नाही म्हणाले तर नाही. ससून डॉकवर, १८७५ ची गोदी आहे ती, पहाटे कोळणी मासळीचा लिलाव करत असतात, तिथे त्यांचा धंदा चालू असतो आणि पायाखाली पाणी, बर्फ, टोपल्या. कॅमेरा गळ्यात लटकवून मध्ये उभं राहिलं की शिव्या खाल, आणि त्या बरोबरच असतात. आधी विचारा, अडवलं तर वाद घालू नका. त्यापेक्षा दादरचा फुलबाजार सोपा, पश्चिमेला पुलाखाली पहाटेपासून झेंडू, शेवंती, अष्टरचे ढीग, गर्दी इतकी की तुमच्याकडे कुणी बघत पण नाही, दोन हार विकत घ्या आणि मग फोटो मागा. महालक्ष्मीचा धोबीघाट पुलावरून दिसतो, वरून काढा. वस्त्यांमध्ये घुसून लोकांच्या गरिबीचे फोटो काढणं मला अजिबात पटत नाही, लोक तिथे राहतात.

पावसाळ्यात आलो तर?

या की. ओले रस्ते, त्यात पडलेले दिव्यांचे रंग, छत्र्या, काळे ढग आणि त्यापुढे गॉथिक कमानी, मला तर जूनच्या पहिल्या सरीतली मुंबई सगळ्यात आवडते. फक्त भरतीची वेळ आधी बघा, साडेचार मीटरच्या वरची भरती असली की मरीन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात आणि पालिका समुद्रापासून लांब राहायला सांगते, तेव्हा खरंच लांब राहा, रस्त्याच्या पलीकडून काढा. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि एक जुना टॉवेल. एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर लगेच वाफ धरते, पुसत बसू नका, दहा मिनिटं तशीच राहू द्या. घरी गेल्यावर बॅगेत सिलिका जेल टाका, नाहीतर बुरशी लागते.

लोकल, मेट्रो की टॅक्सी?

तिन्ही. आता मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्टेशनं आहेत, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या बरोबर खालून जाते. लोकलने येणार असाल तर सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उलट्या दिशेला गर्दी असते, कॅमेऱ्याची बॅग पाठीवर नाही तर पोटावर घ्या. दारात उभं राहून मोबाईलने शूट करू नका, खांब जवळ असतात आणि रुळाशेजारी फटका गँग उभी असते, हातावर काठी मारून मोबाईल पाडतात. जुन्या डिझेल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या आणि पद्मिनी टॅक्सीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पण एसी इलेक्ट्रिक डबल डेकर फोर्टच्या भागात फिरते, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर सोडू नका.

सामान कुठे ठेवू?

सीएसएमटी किंवा दादरच्या क्लोक रूममध्ये. बॅगेला कुलूप हवं आणि तिकीट दाखवावं लागतं.

आम्ही पुण्याहून डेक्कन क्वीनने येऊन त्याच दिवशी परत जातो, जमेल का?

जमेल, पण ती साडेदहाच्या आसपास पोचवते आणि संध्याकाळी पाच दहाला निघते, म्हणजे सूर्योदय पण गेला आणि सूर्यास्त पण. फोटोसाठी यायचं असेल तर परतीला रात्रीची गाडी किंवा शिवनेरी बस घ्या. तरी डेक्कन क्वीननेच जायचं असेल तर अकराचे डबेवाले, म्युझियम, तीन ते साडेचार ओव्हल आणि सीएसएमटी, एवढं व्यवस्थित होतं.

मोबाईल पुरतो की डीएसएलआर हवाच?

मोबाईल पुरतो. पॉवर बँक घ्या. कॅमेरा असेल तर एकच लेन्स आणा, दिवसभर चालायचंय.

खायचं काय?

वडापाव, अर्थात. बसून खायचं तर धोबी तलावला कयानी, १९०४ चं इराणी, बन मस्का आणि चहा, पण आत फोटो काढायच्या आधी काउंटरवर विचारा. परतीला दादरला उतरणार असाल तर स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासून आहे, बटाटावडा खा. पाण्याची बाटली सोबत ठेवा, आणि टॉयलेटसाठी स्टेशनं आणि म्युझियम हीच भरवशाची ठिकाणं.

मी एकटी मुलगी आहे, संध्याकाळपर्यंत फिरले तर चालेल ना?

हो, या पट्ट्यात बिनधास्त. मरीन ड्राइव्हवर रात्री उशिरापर्यंत कुटुंबं, कॉलेजची मुलं, चालायला आलेले आजी-आजोबा असे सगळे असतात. फोर्टच्या आतल्या गल्ल्या मात्र ऑफिसं सुटली की एकदम ओस पडतात, दिवे लागल्यावर मोठ्या रस्त्यानेच चाला. लोकलला लेडीज डबा आहेच.

रविवारी यावं की कामाच्या दिवशी?

इमारतींसाठी रविवार सकाळ, दादाभाई नौरोजी रोडवर गाड्या कमी असतात, कमानींखाली सरळ रस्त्याच्या कडेला उभं राहून काढता येतं आणि ओव्हलवर एकाच वेळी कितीतरी मॅच चालू असतात. माणसांसाठी कामाचा दिवस, कारण रविवारी डबेवाले नसतात आणि फोर्टातल्या बऱ्याच टपऱ्या बंद. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो, आदल्या रात्री कुठल्या लाइनवर आहे ते बघून निघा.